‘आपण नाही विकला तर दुसरा विकेल’: कोळशाच्या निर्यातीचा हिशेब

प्रश्न असा आहे: “ऑस्ट्रेलियासारख्या देशाने कोळशाची निर्यात टप्प्याटप्प्याने बंद केली तर तापमानवाढीवर खरंच फरक पडेल का? त्यांनी नाही विकला तर इंडोनेशिया विकेल. मग भुर्दंड शेवटी भारतासारख्या गिऱ्हाइकालाच ना?”

फरक पडेल. पण निर्यात कशी बंद केली जाते यावर तो किती पडेल आणि भुर्दंड कोणावर बसेल हे ठरतं. ‘दुसरा विकेलच’ यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर मला ते अर्धं कुठपर्यंत खरं आहे हे सांगता येईल असं वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मी बल्क मालाचा सर्वेअर. जहाजात किती माल चढला आणि किती उतरला हे मोजणं माझं काम. ऐंशी हजार टनांचं जहाज काट्यावर चढवता येत नाही, म्हणून ते पाण्यात किती बुडलं ते बघतात. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंचे ड्राफ्टचे आकडे वाचायचे, बंदरातल्या पाण्याची घनता मोजायची, टाक्यांतलं बॅलास्ट, म्हणजे जहाजाचा तोल राखायला घेतलेलं पाणी, आणि इंधन वजा करायचं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक म्हणजे माल. या धंद्याची पहिली निम्मी वर्षं मुरगाव बंदरात लोहखनिज बाहेर जाताना मोजलं. नंतर त्याच बंदरात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यातून येणारा कोकिंग कोळसा उतरताना मोजला, जो तिथून रेल्वेने बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. एकाच धक्क्यावरून एका मालाची निर्यात बंद पडताना पाहिली आणि दुसऱ्या मालाची आयात वाढताना. तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं त्यामुळे माझ्या ओळखीची आहेत.

आधी हिशेब. चांगल्या प्रतीचा, म्हणजे किलोला सहा हजार किलोकॅलरीचा एक टन कोळसा जाळला की सुमारे २.४ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पॅनामॅक्स, म्हणजे पनामा कालव्यातून जेमतेम जाणाऱ्या मापाच्या एका जहाजातला पंचाहत्तर हजार टन कोळसा म्हणजे १ लाख ८० हजार टन कार्बन डायऑक्साइड. ऑस्ट्रेलियातून वर्षाला साधारण ३५ कोटी टन कोळसा बाहेर जातो. त्यातला सुमारे २० कोटी टन वीज केंद्रांसाठीचा औष्णिक कोळसा, उरलेला पोलादासाठीचा कोकिंग. नुसत्या औष्णिक कोळशाचा धूर धरला तरी तो ४८ कोटी टनांच्या आसपास जातो. ऑस्ट्रेलियाचं देशांतर्गत उत्सर्जन, म्हणजे त्यांच्या गाड्या, कारखाने, गुरं, वीज सगळं मिळून, वर्षाला ४४ कोटी टनांच्या घरात आहे. कोकिंग कोळसा आणि द्रवरूप वायूची निर्यात जोडली तर बाहेर पाठवलेला धूर घरच्या धुराच्या दुपटीवर जातो.

पण संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातल्या हिशेबाच्या पद्धतीत धूर जिथे निघतो त्या देशाच्या खात्यावर पडतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदरातून निघालेला कोळसा जपानमध्ये जळला तर जपानच्या खात्यावर, भारतात जळला तर भारताच्या. विकणाऱ्याच्या वहीत त्याची नोंदच नाही. नॉर्वेत बहुतेक सगळी वीज धरणांतून येते, २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या, आणि तोच देश उत्तर समुद्रातलं तेल आणि वायू जवळजवळ सगळाच्या सगळा बाहेर विकतो. घर स्वच्छ, वही स्वच्छ. ही सोय विकणाऱ्या देशांनी तीस वर्षं वापरली आहे आणि निर्यातीचा प्रश्न ऐरणीवर यायला इतका उशीर होण्याचं हेच मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘दुसरा विकेल’ याकडे वळू. या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला मीच देतो. २०२० च्या अखेरीस चीनने ऑस्ट्रेलियाच्या कोळशावर अघोषित बंदी घातली. त्याआधीपासूनच ‘जग आनंद’ हे जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. त्यावरचे तेवीस भारतीय खलाशी सहा महिन्यांहून जास्त काळ अडकले होते. आमच्या वर्तुळात तेव्हा रोज त्यांचीच चौकशी. पुढे झालं काय? ऑस्ट्रेलियाचा कोळसा भारत, जपान, कोरियाकडे वळला. चीनने रशिया, इंडोनेशिया, मंगोलियाकडून घेतला. २०२१ मध्ये तर चिनी गोदामांत पडून राहिलेला ऑस्ट्रेलियाचा कोळसाच भारतीय व्यापाऱ्यांनी सवलतीत उचलला. जगात एक टनही कमी जळला नाही. जहाजांचे रस्ते तेवढे बदलले.

म्हणजे तुमचं बरोबर? थांबा. तिथे गिऱ्हाइकाने एका दुकानावर बहिष्कार टाकला होता. दुकान उघडंच होतं, खाण चालूच होती, बाजारातला एकूण माल तेवढाच होता. विकणाऱ्याने खाणच बंद केली तर तेवढे टन बाजारातून नाहीसे होतात. ती तूट भरायची तर दुसऱ्याला जास्त खोल खणावं लागतं, बंदरापासून लांबच्या खाणीत जावं लागतं किंवा कमी उष्मांकाचा माल द्यावा लागतो. जो कोळसा जुन्या भावात परवडत नव्हता म्हणून जमिनीत होता तोच आता बाहेर काढायचा, म्हणजे भाव चढणारच. आणि भाव चढला की काही गिऱ्हाइकं मागे फिरतात. तुटीचा काही भाग दुसरा विक्रेता भरतो, काही भाग कोणीच भरत नाही. न भरलेला भाग म्हणजे हवामानाला झालेला निव्वळ फायदा. तो शंभर टक्के कधीच नसतो, पण शून्यही नसतो. ‘दुसरा विकेल’ म्हणणारे तो शून्य धरतात आणि तिथेच चुकतात.

भावाने गिऱ्हाईक मागे फिरतं हे आपल्याच किनाऱ्यावर दिसलं. न्यूकॅसलच्या कोळशाचा भाव २०२० च्या पावसाळ्यात टनाला ५० डॉलरच्या आसपास होता. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये तो ४०० डॉलरच्या वर गेला. आयात कोळशावर चालणारी आपली किनाऱ्यावरची केंद्रं त्या भावात वीज विकणं परवडेना म्हणून संच बंद ठेवू लागली. शेवटी ५ मे २०२२ रोजी केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून ‘पूर्ण क्षमतेने चालवा’ असा आदेश काढावा लागला. मागणी भावाला जुमानत नसती तर या आदेशाची गरजच पडली नसती.

हा युक्तिवाद न्यायालयांतही घासून निघाला आहे. क्वीन्सलंडच्या जमीन न्यायालयाने २०१५ मध्ये अदानींच्या कारमायकल खाणीच्या प्रकरणात ‘ही खाण झाली नाही तरी कोळसा दुसरीकडून येईलच’ हे म्हणणं मान्य केलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत न्यू साउथ वेल्सचे न्यायाधीश ब्रायन प्रेस्टन यांनी ग्लॉस्टरजवळच्या रॉकी हिल खाणीला नकार देताना तेच म्हणणं फेटाळलं. दुसरी खाण निघेलच हे गृहीत धरता येत नाही, आणि दुसरा तेच नुकसान करील म्हणून आपलं नुकसान क्षम्य ठरत नाही, असा त्यांचा रोख होता. २०२२ मध्ये क्वीन्सलंडच्या त्याच जमीन न्यायालयाने खाणउद्योजक क्लाइव्ह पामर यांच्या कंपनीच्या कोळसा खाणीला परवाना देऊ नये अशी शिफारस केली. लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या तेलविहिरीच्या खटल्यात सांगितलं की पर्यावरण अहवालात तेल काढतानाचा धूर मोजून भागणार नाही, ते जाळल्यावर निघणारा धूरही मोजा. आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वानुआतूसारख्या चिमुकल्या बेटांच्या पुढाकाराने मागितलेल्या सल्ल्यात, उत्पादनाला आणि शोधपरवान्यांनाही देशाच्या जबाबदारीच्या कक्षेत आणलं. म्हणजे वहीत नोंद नसली तरी विकणाऱ्याचे हात झटकून होत नाहीत, इथपर्यंत कायदा दहा वर्षांत सरकला आहे.

तुमच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मला खरोखर अवघड वाटतो. भारताच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाची किंवा इंडोनेशियाची जागा घेणारा ‘दुसरा’ परदेशी नाही, तो घरचाच आहे. २०२४-२५ मध्ये आपलं देशातलं उत्पादन १०० कोटी टनांवर गेलं, आयात सुमारे २४ कोटी टन होती. बाहेरचा कोळसा महागला तर झारखंड-ओडिशात आणखी खणायचा दबाव येईल. आपल्या कोळशात राख तीस ते पंचेचाळीस टक्के. म्हणजे राखेचे तलाव वाढतील, रेल्वेच्या वाघिणी अर्धी माती वाहतील आणि जंगल जाईल ते वेगळंच. भाव चढवून सोडून दिलं तर हे होणारच. म्हणून नुसती निर्यातबंदी मला पुरेशी वाटत नाही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाबरोबर बसून ठरवलं पाहिजे. ते कसं, हे खाली लिहितो.

त्याआधी, कसं बंद करू नये याचे दोन नमुने. १ जानेवारी २०२२ ला इंडोनेशियाने कोळशाची निर्यात एका फटक्यात थांबवली. कारण हवामान नव्हतं. खाणवाल्यांनी देशातल्या वीज कंपनीला ठरल्याप्रमाणे कोळसा न देता बाहेर जास्त भावात विकला होता आणि केंद्रांतले साठे तळाला गेले होते. भरलेली जहाजं बंदराबाहेर उभी, डेमरेजचे, म्हणजे जहाज खोळंबल्याच्या दंडाचे मीटर चालू, जपान-कोरिया-फिलिपिन्सच्या सरकारांचे फोन. काही आठवड्यांत बंदी उठली. जगातल्या सगळ्यात मोठ्या औष्णिक कोळसा निर्यातदाराने निर्यात बंद केली आणि त्यातून कोळशाचा वापर कुठेही कायमचा घटला नाही. घबराट मात्र वाढली, आणि घाबरलेला गिऱ्हाईक पुढच्या वेळी साठा वाढवून ठेवतो.

दुसरा नमुना गोव्याचा. तो कोळशाचा नाही, लोहखनिजाचा आहे, पण निर्यातीवर उभा असलेला धंदा एका दिवसात थांबला की काय होतं हे मला त्यातूनच कळलं. तेजीच्या काळात वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होतं, बहुतेक चीनला. मांडवी-झुवारीतून बार्जेसची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींची रांग लागायची. शहा आयोगाचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल आला आणि २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं ठप्प झालं. मधे मर्यादा घालून पुन्हा सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर त्या मार्चमध्ये पुन्हा बंद. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. शेतं, झरे आणि नद्या गाळाने भरत होत्या हे डोळ्यांनी पाहिलंय. पण डिचोली, सांगे, केप्याच्या गावांत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. ट्रक दारात गंजत उभे, हप्ते चालू. माझ्याबरोबर सॅम्पल गोळा करणारी पोरं एका आठवड्यात घरी बसली. खाणमालकांचं फार बिघडलं नाही. ज्याच्याकडे एकच ट्रक होता त्याचं बिघडलं. पुढची सहा वर्षं गावागावांत पर्यावरण हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, आणि ते मला अजून लागतं.

त्याच प्रकरणातून एक चांगली गोष्ट निघाली. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने खनिजाच्या विक्रीच्या दहा टक्के रक्कम गोवा लोहखनिज कायमनिधीत टाकायला सांगितली. जमिनीतला माल एकदाच विकता येतो, तेव्हा त्याचे पैसे पुढच्या पिढीसाठीही राहिले पाहिजेत, हा विचार त्यामागे आहे. नॉर्वेचा प्रचंड तेलनिधी याच विचारावर उभा आहे. फरक इतकाच, त्यांनी तो तेल वाहत असताना भरला.

मग कसं बंद करायचं? माझ्या मते पहिली पायरी म्हणजे नवी खाण नाही आणि जुनीला मुदतवाढ नाही. खाण उघडताना पैसा ओतावा लागतो, रेल्वे टाकावी लागते, धक्का बांधावा लागतो. एकदा ते झालं की पुढची पंचवीस-तीस वर्षं भाव पडला तरी मालक खणत राहतो, कारण घातलेला पैसा परत काढायचा असतो. न उघडलेली खाण थांबवणं त्या मानाने स्वस्त असतं. कारमायकलची मूळ योजना वर्षाला ६ कोटी टनांची होती. विरोध, खटले आणि बँकांचे नकार यांतून ती १ कोटी टनांपर्यंत आकसली आणि २०२१ च्या अखेरीस पहिलं जहाज निघालं. विरोधक हरले असं म्हणतात. पण पाच कोटी टनांचा फरक मला हार वाटत नाही. उलट ऑस्ट्रेलियाचं आजचं सरकार घरचं उत्सर्जन कमी करण्याचे कायदे करतं आणि त्याच वेळी, २०२४ मध्ये, एकामागून एक खाणींच्या विस्ताराला मंजुरी देतं. या वागण्यातून गिऱ्हाइकाला एकच संदेश जातो: निश्चिंत राहा, माल मिळत राहील.

दुसरी पायरी, दरवर्षी घटत जाणारा निर्यात कोटा, आणि तो पंधरा-वीस वर्षं आधी जाहीर. आधी औष्णिक कोळसा, कारण विजेला पर्याय आज हातात आहे. कोकिंगला जास्त मुदत. भारतातल्या झोतभट्ट्या कोकवर चालतात आणि हायड्रोजनवरचं पोलाद अजून आपल्या भावात बसत नाही. दोन्ही कोळसे एकाच टोपलीत घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. तारीख आधी कळली की काय होतं याचं एक उदाहरण न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यातलं आहे. २०२२ मध्ये बीएचपी या खाण कंपनीने माउंट आर्थर ही कोळसा खाण २०३० मध्ये बंद करणार असं जाहीर केलं. सुमारे दोन हजार कामगारांना आठ वर्षं मिळाली. याउलट व्हिक्टोरियातलं हेझलवूड वीज केंद्र आणि त्याची खाण २०१७ मध्ये पाच महिन्यांच्या सूचनेवर बंद झाली आणि सरकारला धावपळ करत पुनर्वसनाची यंत्रणा उभारावी लागली.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे तुमच्या भुर्दंडाचं उत्तर आहे. माल कमी, भाव जास्त, म्हणजे विकणाऱ्याला कमी टनांतही चांगले पैसे मिळू शकतात. २०२२ मध्ये क्वीन्सलंडने भाव चढेल तसा स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) दर चढवला, सगळ्यात वरच्या टप्प्यावर ४० टक्के. २०२२-२३ या एका वर्षात राज्याला कोळशातून १५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मिळाले. हा पैसा कोणाचा? बराचसा गिऱ्हाइकांच्या वीजबिलांतून आणि पोलादाच्या भावातून आलेला. तेव्हा निर्यात घटवणाऱ्या देशाने चढ्या भावाचा ठरावीक हिस्सा स्वस्त कर्ज म्हणून गिऱ्हाइकाच्या सौरऊर्जेत, साठवणुकीच्या बॅटऱ्यांत, पारेषणाच्या तारांत घालावा, आणि एक हिस्सा खाणगावांसाठी राखावा. असा करार झाला तर घरचा कोळसा आणखी खणण्याचा दबावही कमी होतो. यात दानाचा प्रश्न नाही. भाव चढवून घेतलेले पैसे परत करायचे आहेत.

आधी कोणी थांबायचं? ज्याला परवडतं त्याने. डेन्मार्क युरोपीय संघातला सगळ्यात मोठा तेल उत्पादक असताना त्याने डिसेंबर २०२० मध्ये परवान्यांची पुढची फेरी रद्द केली आणि २०५० ही शेवटची तारीख ठरवली. नुकसानीचा अंदाज १३ अब्ज क्रोनर होता, तो मान्य करून ठरवली. इक्वेडोरने २००७ मध्ये यासुनीच्या जंगलाखालचं तेल न काढण्याच्या बदल्यात जगाकडे ३.६ अब्ज डॉलर मागितले. हाती आले ते सुमारे १.३ कोटी डॉलर, आणि २०१३ मध्ये त्यांनी नाद सोडला. शेवटी २०२३ मध्ये तिथल्याच जनतेने मतदान करून तेल जमिनीत ठेवण्याचा कौल दिला. त्या गरीब देशाला जगाने दिलेलं उत्तर लाजिरवाणं होतं. कोलंबिया हा मोठा कोळसा निर्यातदार, पण तिथल्या सरकारने २०२३ मध्ये तेल-वायूचे नवे शोधकरार थांबवले. ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेचं दरडोई उत्पन्न बघा आणि कोलंबियाचं बघा. रांगेत पुढे कोण असायला हवं हे मी वेगळं सांगायला नको.

विकणाऱ्यांना हेही दिसतंय की गिऱ्हाईक कायमचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक असलेला दक्षिण कोरिया २०२५ च्या नोव्हेंबरात कोळसामुक्तीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीत सामील झाला. भारतात त्याच वर्षी बसवलेल्या वीजक्षमतेपैकी निम्मी जीवाश्म इंधनाशिवायची झाली. क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे, निर्मितीत कोळसा अजून फार पुढे आहे. पण आयात कोळशाची वीज या शर्यतीत सगळ्यात आधी बाहेर पडते, कारण कोळशाच्या विजेत तीच सगळ्यात महाग.

आणि आपल्याकडे बघायचं तर वास्कोला, म्हणजे मुरगाव बंदराच्या गावाला बघा. कोळशाच्या धुळीविरुद्ध तिथले लोक वर्षानुवर्षं भांडतायत. तिनईघाट ते वास्को रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण मोले अभयारण्यातून जातं; ते कोळशासाठीच आहे असं आंदोलकांचं म्हणणं, रेल्वे ते नाकारते, आणि मोलेतल्या पट्ट्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. या सगळ्या वादात मी एक आकडा शोधतो आणि तो कुठेच नसतो: क्वीन्सलंडमधून कोकिंग कोळसा कोणत्या वर्षापर्यंत आणि किती येणार आहे. पन्नास वर्षं टिकणारा रूळ आपण टाकतोय आणि विकणाऱ्याने शेवटची तारीख सांगितलेली नाही. ऑस्ट्रेलियाने ती सांगावी ही मागणी ब्रिस्बेन-सिडनीतल्या कार्यकर्त्यांची म्हणून आपण सोडून देतो. ती वास्कोच्या माणसाचीही आहे, आणि बळ्ळारीच्या कारखान्यात आज पंचविशीत कामाला लागलेल्या मुलाचीही.